पाहुणीच्या मुलाचा खटला

तारीख ४, सोमवार

आजपासून मी लिहिणार आहे. वही ठकीची, तिच्या कपाटात कोरी पडून होती. मी चौथीपर्यंत शिकले. त्यातही मी डावखुरी, डाव्या हातात पेन्सिल धरली की मास्तर पट्टी मारायचे, त्यामुळे शाळेची गोडी लागली नाही. अक्षर कसंही येवो, मला वाचता आलं म्हणजे पुरे.

ठकी म्हणजे माझी नात. मोठी वकील होणार आहे, पण ठकीच. तीन महिन्यांपूर्वी ती माझ्याकडे राहायला आली, कारण वरचं कोर्ट माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. मी इतकी खूश झाले की आठ दिवस भाजीवालीला, दूधवाल्याला, खालच्या शिंपिणीला तेच सांगत होते. बारा वर्षं एकटीने काढल्यावर सकाळी दोन कप विसळायला मिळणं काय असतं ते मलाच ठाऊक. तिचा डबा मी भरते. तिचा काळा कोट मी उन्हात घालते. कोर्टात तिला काय म्हणतात ते संध्याकाळी ती मला सांगते, म्हणजे आजपर्यंत सांगत होती.

आज तिने एक बाई घरी आणली. म्हणाली, "आजी, यांचं नाव कळलं की लॉजवाले खोली रिकामी नाही म्हणतात. निकाल लागेपर्यंत राहू देत आपल्याकडे."

ही बाई ठकीच्या अशिलाची आई. आणि ठकीचा अशील म्हणजे तो, ज्याने जहाजावर बॉम्ब ठेवला असं म्हणतात. एक्केचाळीस माणसं गेली. मोठ्या वकिलांनी ते काम घेतलं आणि ठकी त्यांच्या हाताखाली. शिंपिणीने मला विचारलंही होतं, "तुमची नात असल्यांना वाचवते का हो?" मी सांगितलं, आजारी माणूस चांगला की वाईट ते बघून डॉक्टर औषध देतो का? तोंड बंद झालं तिचं. मनातून मीही धास्तावलेच होते.

पाहुणीला खिडकीजवळचा पलंग दिला. माझा. मग ठकी तिच्यासमोर जी बसली ती जेवायच्या वेळेपर्यंत. लहानपण, लग्न, मुलगा, सगळं विचारत होती आणि लॅपटॉपवर टकटक लिहून घेत होती. शहात्तर वर्षांत माझं कुणी एक अक्षर लिहून घेतलेलं नाही. म्हणून ही वही.

तारीख ७, गुरुवार

पाहुणीला ठकी "माई" म्हणते. मी नुसती आजी.

आज ठकीला म्हटलं, मलाही समजावून सांग, हा खटला आहे तरी काय. ती सांगायला बसली, तेवढं बरं वाटलं. भर समुद्रात जहाज ज्या देशाचा झेंडा लावतं त्या देशाचा तुकडा समजतात. तेव्हा तो झेंड्याचा देश म्हणतो, गुन्हा आमच्या जमिनीवर झाला, माणसंही बहुतेक आमची मेली, आरोपी आम्हाला द्या. आरोपीकडे पासपोर्ट पाहुणीच्या देशाचा. आणि सापडला आपल्या बंदरात.

"म्हणजे," मी म्हटलं, "एका घरच्या पोराने दुसऱ्या घरची बरणी फोडली आणि सापडला आपल्या मोरीत."

ठकी हसली. म्हणाली, "अगदी तसंच. अशा गुन्ह्यांसाठी देशांनी आपसात करार केलाय. ज्याच्या मोरीत सापडला त्याने एकतर मागणाऱ्याच्या हवाली करायचा, नाहीतर स्वतः खटला चालवायचा. मागचं दार उघडून पळ म्हणायचं नाही."

"मग देऊन टाका की. त्यांची बरणी."

"तिकडे फाशी आहे, आजी. आपल्याकडे नाही. फाशी देणार नाही असं लिहून द्या म्हटलं तर ते देत नाहीत. आणि आपल्या सरकारला हा लवकर घराबाहेर घालवायचाय."

आपला कायदा मात्र असा की आपला नागरिक परक्या देशाला द्यायचा नाही, त्याच्यावर इथेच खटला चालवायचा. आणि इथे जन्मला तो आपला नागरिक. पाहुणी सांगते, मुलगा याच गावात जन्मला, ती इथे सहा वर्षं घरकामाला होती म्हणे. म्हणून तिला आपलं बोलणं येतं. पण जन्माचा कागद नाही. दीड महिन्याच्या पोराला घेऊन ती देशी परतली आणि तिथे त्याची नोंद झाली.

ठकीने माझं बरणीचं उदाहरण मोठ्या वकिलांना सांगितलं, ते खूप हसले. मी दिवसभर खुशीत होते. मग कळलं, ते तिने आधी माईला सांगितलं होतं.

तारीख १०, रविवार

पाहुणी बटाट्याची साल इतकी पातळ काढते की साल धरून वर्तमानपत्र वाचावं. ठकी म्हणाली, "बघ आजी, माईंचा हात." चाळीस वर्षं माझ्या सालीचं कुणाला काही वाटलं नव्हतं.

शिंपीण ब्लाउजचं माप घ्यायचं निमित्त करून वर आली. माप माझं घेत होती आणि बघत होती पाहुणीकडे. जाताना जिन्यात म्हणाली, "दिसायला साधीच आहे हो."

मी म्हटलं, "मग काय शिंगं असणार होती?"

"तिच्याबरोबर एका खोलीत झोप तरी लागते का तुम्हाला?"

लागते. ती घोरत नाही. घोरते मी. हे पाहुणीनेच ठकीला सांगितलं, आणि दोघी हसल्या.

तारीख १३, बुधवार

आज पुन्हा लिहून घेणं. मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटत होते. आपटून आपटून पातेल्याला पोचा आला. तरी मधूनमधून ऐकू येतच होतं. मुलगा झाला त्या दवाखान्यात कोणी एक आया होती, तिची तारीफ चालली होती. ही एकटी, नवरा नाही, जवळचं कोणी नाही, रडत होती. तर त्या आयाने तिचे केस विंचरून वेणी घातली आणि रागावून पेजेची वाटी तोंडाला लावली. "डाव्या हाताने भरवलं हो मला. तोंड फार चालायचं तिचं, पण हात मऊ."

ठकीने हेही लिहून घेतलं. आता आयाच्या हाताचा खटल्याशी काय संबंध? मी पण आयाचंच काम केलं आयुष्यभर. किती बायकांच्या वेण्या घातल्या, किती जणींना भरवलं, याची कुठे नोंद नाही. ती कोण कुठली, तिचं मात्र कोर्टाच्या कागदात येणार. मला इतका राग आला त्या बाईचा.

तारीख १६, शनिवार

दुपारी ठकी घरी नव्हती. पाहुणीने चष्म्याच्या डबीतून एक फीत काढली, बोटभर रुंद, पिवळी पडलेली, आणि मांडीवर ठेवून बोटाने चोळत बसली. मी सहज बघितलं. निळ्या दोऱ्याचे सात टाके, आणि शेवटी तीन उभे टाके नि त्यांना छेदणारा एक तिरपा.

ती माझी खूण आहे.

सरकारी दवाखान्यात लागण्याआधी मी अकरा वर्षं बंदरामागच्या प्रसूतिगृहात होते. बाळाच्या मनगटाला फीत बांधायची, त्यावर नर्स शाईने नाव लिहायची, आणि पहिल्या आंघोळीला शाई वाहून जायची. एकदा दोन बाळांची अदलाबदल होता होता राहिली, तेव्हापासून आम्ही आयांनी दोरा धरला. दोऱ्याचा रंग वाराचा, बुधवारचा निळा. जितके टाके तितक्या नंबरचा पाळणा. शेवटी जिने बाळ धुतलं तिची खूण. नर्सना याची गंमत वाटायची. दवाखान्याच्या वहीत कधी हे आलं नाही, हे आमचं आमच्यातच.

मी विचारलं, "हे काय?" पाहुणी म्हणाली, "त्याच्या हाताला होती. वकीलबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या जपून ठेवा, पण नुसत्या फितीने कोर्टात काय होणार."

मी चहा टाकायला उठले. साखर दोनदा घातली.

तारीख १९, मंगळवार

सांगितलेलं नाही.

मी खूप विचार केला. एक, मी म्हातारी, नजर अधू, चुकत असेन. दोन, मेलेल्या एक्केचाळीस माणसांच्या घरच्यांना काय वाटेल. तीन, कोर्टकचेरीत आपण पडू नये. तिन्ही कारणं चांगली आहेत. शिंपिणीला सांगितली असती तर तिने मान डोलावली असती.

पण वहीत खोटं लिहून कुणाला फसवायचं? खरं असं आहे की खटला इथे चालला तर पाहुणी इथेच राहणार. दोन वर्षं, चार वर्षं. ठकी रोज तिच्याकडे बसणार. त्याला तिकडे दिलं तर ती त्याच्यामागे तिकडे जाईल आणि माझा पलंग, माझे दोन कप, माझी संध्याकाळ मला परत मिळेल.

आणि ज्या आयाचा मला इतका राग आला होता, ती मीच. याचं हसू पण येतं.

तारीख २२, शुक्रवार

प्रसूतिगृह पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली आहे. जुनी दप्तरं तळघरात होती, पाणी शिरून त्यांचा लगदा झाला. तसं पत्र ठकीला आज मिळालं. सरकारी वकील म्हणतात, मुलगा इथे जन्मला हे आई सांगते, दुसरा पुरावा काय? आणि आई काय, कुठलीही हेच सांगेल.

सुनावणी अठ्ठावीस तारखेला. ठकी नीट जेवत नाही. तिच्या कोटाचं बटण मला आतल्या बाजूला सरकवून लावावं लागलं, इतकी वाळली आहे. बटण लावताना म्हटलं, सांगू का. तेवढ्यात ती म्हणाली, "आजी, माईंना दूध दिलंस ना?"

नाही सांगितलं.

तारीख २६, मंगळवार

सकाळी पाहुणी आपली पेटी भरत होती. तशी तिची पेटी ती काय. मी दारात उभी. ती म्हणाली, "मावशी, एक विचारू? वकीलबाईंना विचारायला धीर होत नाही. त्यांना वाटेल माझा त्यांच्यावर भरवसा नाही."

"विचार."

"तिकडे फाशी देतात तेव्हा आईला आत जाऊ देतात का? का बाहेर थांबायचं?"

मी दारातून आत आले.

"त्याने केलं असेल तर त्याला शिक्षा होऊ दे. मी त्याला विचारलं, तो माझ्याकडे बघत नाही. लहान होता तेव्हा काही फोडलं की असाच बघायचा नाही." मग म्हणाली, "पण मी बाहेर थांबले आणि त्याला वाटलं आई आलीच नाही, तर?"

इतक्या दिवसांत तिने ठकीला न विचारता मला विचारलेली ही पहिली गोष्ट. मी तिथेच जमिनीवर बसले. तिची डबी घेतली, फीत काढली आणि सांगितलं. हा बुधवार. हा सात नंबरचा पाळणा, खिडकीखालचा, त्याचा एक पाय आखूड होता म्हणून आम्ही खाली लाकडाचा तुकडा घालायचो. आणि ही मी.

तिने माझा डावा हात धरला नि बघत राहिली. मग म्हणाली, "तोंड फार चालायचं." इतकंच.

दुपारी ठकीला सांगितलं. तिने आधी फोनवर जुनं कॅलेंडर काढलं. मुलाच्या जन्माच्या तारखेला बुधवारच होता. ती उडी मारेल असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "तू ही फीत कधी बघितलीस?"

"सोळाला."

"दहा दिवस, आजी?"

तिने लॅपटॉप उघडला आणि मला समोर बसवलं. नाव, वय, नोकरी, वर्षं. दोन तास लिहून घेतलं. हेच मला हवं होतं ना. एकदाही तिने मान वर करून बघितलं नाही.

तारीख २८, गुरुवार

कोर्ट म्हणजे उंच छत आणि लाकडाला पॉलिशचा वास. पाहुणीचा मुलगा काचेच्या पिंजऱ्यात होता. माझ्या मनात राक्षस होता; हा तर कान मोठे असलेला साधा माणूस, नखं खात होता. मागच्या बाकावर एक गृहस्थ दोन्ही हातांत बाईचा फोटो धरून बसले होते. त्यांची बायको जहाजावर होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

शपथ घेतली. सरकारी वकील गोड बोलणारा. म्हणाला, "आजी, चौतीस वर्षांपूर्वीचे चार टाके तुम्ही ओळखले. आता चष्म्याचा नंबर काय?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही सही करता ना? ओळखता ना स्वतःची?"

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी विचारलं, इथे करून दाखवाल का? सुई कुठून आणणार? तर कारकुनाकडे होती, फायली शिवायची जाड सुई आणि पांढरा दोरा. फीत नव्हती, फाइलची नाडी दिली. मी उभ्यानेच तीन टाके घातले आणि एक तिरपा. बाईंनी दोन्ही शेजारी ठेवून भिंग लावलं. म्हणाल्या, तिरपा टाका दोन्हीकडे एकाच बाजूला झुकतोय, आणि तोही नेहमीच्या उलट. मी सांगितलं, मी डावखुरी आहे, बाकीच्या तिघी आया उजव्या हाताच्या होत्या.

मग सरकारी वकील म्हणाला, "सोळा तारखेला ओळखलंत. आरोपीची वकील तुमची नात, एकाच घरात राहता. तरी सव्वीसपर्यंत गप्प. हे दहा दिवस गोष्ट रचायला लागले का?"

ठकी कागदाकडे बघत होती. तिने मला उत्तर शिकवलेलं नव्हतं. मोठे वकील म्हणाले होते शिकव, ती नाही म्हणाली होती.

मी सांगितलं, "मला त्या बाईचा हेवा वाटला. माझी नात तिच्याजवळ बसायची. पोरगा तिकडे गेला असता तर ती पण गेली असती. म्हणून नाही बोलले."

कोर्टात कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. बाईंनी लिहून घेणाऱ्याला सांगितलं, साक्षीदाराचे शब्द आहेत तसेच घ्या. सरकारी वकील खाली बसला.

तारीख २, सोमवार

निकाल आला. आरोपी जन्माने इथला. त्याला देता येणार नाही. करार आहे, त्यामुळे सोडताही येणार नाही. सगळे पुरावे मागवून खटला इथेच चालवायचा, आणि तो खरोखर चालवायचा, असं बाईंनी दोनदा म्हटलं.

पाहुणी रडली नाही. तिने पेटी उघडून कपडे पुन्हा खुंटीवर टांगले.

कोर्टाच्या पायऱ्यांवर ते फोटोवाले गृहस्थ आडवे आले. "तुम्हीच ना त्या?" म्हणाले. मी हो म्हटलं. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर ऐकून घेतल्या असत्या. ते म्हणाले, "तिकडे निदान लवकर उरकलं असतं. इथे तारखा पडतील, लोक विसरतील, मग एक दिवस तो सुटेल. मी एवढ्या लांबून प्रत्येक तारखेला यायचं, आणि खोलीत मी एकटाच."

मी म्हटलं, "मी दोन गल्ल्यांवर राहते. मी येईन."

"कशाला? तुमचं काम झालं."

"माझ्यामुळे तो इथे राहिला. मग काय होतं ते मला बघायला नको?"

फोटो काखेत धरून ते पायऱ्या उतरून गेले. संध्याकाळी ठकीला हे सांगितलं. सहा दिवसांत तिने मला नीट उत्तर दिलेलं नव्हतं. आज म्हणाली, "सकाळी साडेदहाला दार उघडतं. अर्धा तास आधी जा, नाहीतर बसायला मिळणार नाही." मग उठून माईजवळ जाऊन बसली. मला कसंसं झालं. होणारच. साक्ष दिली म्हणून हेवा थोडाच जातो.

तारीख १६, सोमवार

खटल्याची पहिली तारीख. पाहुणी आणि मी दहाच्या आत पोचलो. पाहुणीचा पाय दारातच अडखळला. सगळे तिच्याकडेच बघत होते. फोटोवाले गृहस्थ आधीच येऊन बसले होते, त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी. लोक त्यांच्याजवळ बसायला कचरतात तसेच हिच्याजवळही. बाक तेवढा एकच उरला होता. मी मधे बसले. पलीकडून ते, अलीकडून ती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. पाहुणीचा श्वास मला ऐकू येत होता, आणि त्या गृहस्थांच्या बोटांखाली फोटोची काच वाजत होती.

एक्केचाळीस नावं वाचली. वाचायला बराच वेळ लागतो, कोर्टात कुणी घाई करत नाही. मुलगा खाली बघत होता. तेविसावं नाव झालं तेव्हा गृहस्थ ताठ झाले, मी समजले. पाहुणीनेही समजून घेतलं असावं, तिने पदर तोंडाशी धरला. शेवटच्या नावानंतर न्यायाधीशबाईंनी आरोपीला विचारलं, सगळं ऐकलंस ना? तो पहिल्यांदा वर बघून हो म्हणाला.

मग ठकी बोलायला उभी राहिली. कोट मी इस्त्री केलेला. सुरू करण्याआधी तिने मागे वळून आमच्या बाकाकडे बघितलं, क्षणभरच. मी हळूच मान हलवली, आहे गं मी, अशी. आणि बघते तर माझ्या दोन्ही बाजूंना त्या दोघांनीही हलवली.